हिशेबाबाहेरची माया

आमच्या मुळशीकडं भाताची लावणी सावडीवर व्हायची. ज्यांनी कधी लावणी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आज माझ्या खाचरात तुमच्या घरची चार माणसं, उद्या तुमच्या खाचरात माझ्या घरची चार. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. दुपारची भाकरी ज्याचं शेत त्याच्याकडं. पाऊस कुणाची वाट बघत नाही आणि रोप वयात आलं की लावणी उरकावीच लागते. एकट्या घराला ते झेपत नाही, म्हणून सावड. तिला वही नसते, पण घरातल्या बाईच्या डोक्यात हिशेब पक्का असतो. "त्यांची माणसं आपल्याकडं दुपारनंतर आली होती," हे ती पुढच्या वर्षीसुद्धा विसरत नाही.

सावड वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. तिच्यावर आमची गावं जगली. पण तिच्यात कोण बसत नाही, तेही बघायला पाहिजे. ज्याला जमीन नाही तो सावडीत नाही. ज्या विधवेच्या घरात चिखलात उतरणारं माणूस नाही, ती नाही. जो अंथरुणाला खिळलाय, तो नाही. परत देण्याची ताकद असेल त्यालाच सावड.

लग्नातल्या आहेराची वही तशीच. एक जाणता माणूस मांडवाच्या कडेला बसून नाव आणि रक्कम लिहितो. पुढं त्या माणसाच्या घरी लग्न निघालं की वही काढायची, त्यानं काय केलं होतं ते बघायचं, आणि त्यात थोडी भर घालून परत करायचं. याला आम्ही प्रेमाचा आहेर म्हणतो.

येशू ख्रिस्तानं नेमकं या वहीवर बोट ठेवलंय. मी ख्रिस्ती नाही. आमचं घर माळकरी, आणि देहू हिंजवडीपासून पायी जाण्याइतकं जवळ. पण लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली, तेव्हा ही माणसं ज्याच्यापायी एवढं सोसतात त्यानं सांगितलंय तरी काय, ते बघावं म्हणून बायबलातली शुभवर्तमानं वाचली. लूकच्या शुभवर्तमानात तो विचारतो, जे तुमच्यावर माया करतात त्यांच्यावरच माया केलीत तर त्यात विशेष काय केलंत? आणखी एके ठिकाणी तो जेवणावळीबद्दल सांगतो. जेवण घालायचं तर भाऊबंदांना आणि पैसेवाल्या शेजाऱ्यांना नको बोलावू, ते तुला परत बोलावतील आणि फिटंफाट होईल. गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलाव, कारण त्यांच्याकडं परत बोलवायला काही नाही. हा सगळा सारांश माझ्या शब्दांत आहे. पण मला वाटतं, ख्रिस्ती धर्माचा गाभा एवढ्यात आला. जिथून सावड परत येणार नाही तिथं कामाला जायचं.

त्याची दुसरी एक गोष्ट मला शेतकरी म्हणून पचायला जड गेली. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर लावतो, दिवसाची मजुरी ठरवून. मग नऊच्या सुमाराला, दुपारी, तिसऱ्या प्रहरी आणि दिवस मावळायला तासभर राहिला असताना आणखी माणसं नेतो. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुर करतात. वाचताना मी त्यांच्याच बाजूचा होतो. असा कारभार मी केला असता तर दुसऱ्या दिवशी पहाटे शेतावर कोण आलं असतं?

नंतर त्या गोष्टीतली एक बारीक जागा ध्यानात आली. मालक त्या उशिरा नेलेल्या माणसांना विचारतो, दिवसभर असे रिकामे का उभे राहिलात? ते सांगतात, आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही. आपल्याकडच्या कुठल्याही मजूर अड्ड्यावर सकाळी जाऊन बघा. आठला तरणीताठी पोरं उचलली जातात, नवापर्यंत मधली. अकरा वाजता जे उरतात ते म्हातारे, लंगडणारे, अंगावर पोर असलेल्या बाया. त्यांना आळस नसतो. त्यांच्या घरची चूलही पूर्ण दिवसाचं पीठ मागते. मालकानं कामाचे तास बाजूला ठेवून त्यांची गरज बघितली. पहाटेच्या मजुराचं त्यानं काही कापलं नाही, ठरलं होतं ते दिलंच. हे न्यायाच्या वर आहे, न्यायाच्या विरुद्ध नाही.

आणि ती चांगल्या शोमरोन्याची गोष्ट. एक शास्त्री येशूला विचारतो, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची म्हणता, पण माझा शेजारी कोण? शेतकऱ्याला हा प्रश्न नीट कळतो, कारण आमच्यात शेजारी बांधावर ठरतो. येशू सांगतो, वाटेत चोरांनी एकाला मारून अर्धमेला टाकला. याजक आला आणि बगल देऊन गेला. देवळात सेवा करणारा लेवी आला, तोही गेला. मग एक शोमरोनी आला. यहुदी लोकांचा शोमरोन्यांशी व्यवहार नव्हता, जसा आपल्याकडं वरच्या आळीचा खालच्या आळीशी नव्हता. त्यानं जखमा तेल आणि द्राक्षारस घालून बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर घातलं, धर्मशाळेत नेलं. सकाळी मालकाला दोन नाणी दिली. त्या काळात एक नाणं म्हणजे मजुराचा एक दिवस. आणखी खर्च झाला तर परत येताना देतो म्हणाला आणि आपल्या वाटेनं गेला. शेवटी येशू प्रश्नच फिरवतो. माझा शेजारी कोण, हे विचारू नकोस. पडलेल्या माणसाचा शेजारी कोण झाला, ते सांग. म्हणजे शेजारी बांधावर मिळत नाही, तो आपण व्हायचा असतो.

या गोष्टीत जखमी माणसाचं नाव नाही, गाव नाही. शुद्धीवर आल्यावर त्यानं आभार मानले की नाही, तेही नाही. आपल्या आहेराच्या वहीत जे पहिलं लिहितात, तेच इथं गाळलंय.

हे सगळं कागदावरचं झालं. आपल्या जिल्ह्यात ते कुणी जगून दाखवलं का, असं कुणी विचारलं तर मी दौंड तालुक्यातल्या केडगावचं नाव सांगतो. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाई १८५८ साली जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, त्याबद्दल जातीचा रोष सोसला. दुष्काळात आई-वडील आणि बहीण उपासमारीनं गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास देशभर पायी फिरले. कलकत्त्यात पंडितांनी त्यांना 'सरस्वती' ही पदवी दिली. पुढं भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोवर नवरा गेला, आणि पदरात लहान मनोरमा राहिली.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथं बाप्तिस्मा घेतला. का घेतला, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. लंडनजवळ फुलहॅमला ख्रिस्ती भगिनींचं एक घर होतं. समाजानं वाईट चालीच्या म्हणून टाकून दिलेल्या बायका तिथं सांभाळल्या जायच्या. अशा बायकांना कुणी मायेनं वागवतं, हे रमाबाईंनी पहिल्यांदाच बघितलं. तुम्ही हे का करता, असं त्यांनी विचारलं. तेव्हा एका भगिनीनं त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली ती बाई, जातीनं दूरची, आणि येशू तिच्याकडं प्यायला पाणी मागतो. पाणवठ्यावरून इथं माणसं माणसांना हाकलत होती त्या काळातली ही गोष्ट. ज्या बाईनं शास्त्रं तोंडपाठ केली होती, तिला हलवलं ते त्या सेवेनं आणि पाण्याच्या घोटाच्या गोष्टीनं.

११ मार्च १८८९ला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. १८९६-९७ला पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनेकशे मुली-बायका घेऊन आल्या. स्वतःच्या आई-बापांना भुकेनं मरताना बघितलेली ही बाई, दुष्काळ म्हणजे काय ते तिला कुणी सांगायला नको होतं. केडगावात घेतलेल्या जमिनीवर झोपड्या पडल्या, विहिरी खोदल्या. १९००च्या दुष्काळानंतर तिथं दोन हजारांच्या आसपास माणसं होती. शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना, सगळं बायका चालवायच्या. टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं, आंधळ्यांची वेगळी सोय होती. ज्यांना कुणीच सावडीत घेतलं नसतं, त्या सगळ्या तिथं.

आता अवघड प्रश्नाकडं येतो. ही माया निरपेक्ष होती का? १८९३ साली पुण्यात यावरूनच वादळ उठलं. शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होतायत, असा बोभाटा झाला. 'केसरी'नं टीका केली. रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि मुली येऊन बसत, हा मुख्य आक्षेप. केडगावात तर पुढं उघड ख्रिस्ती शिकवण होती आणि पुष्कळ मुलींनी बाप्तिस्मा घेतला.

मला हा प्रश्न टाळायचा नाही. उपाशी पोरीच्या ताटात भाकरी घालून कुणी आपला देव पुढं केला, तर ती नाही कसं म्हणणार? माया करणाऱ्यानं इथं फार जपायला पाहिजे. घेणाऱ्याला नाही म्हणायची मोकळीक उरली नाही, तर ती मायासुद्धा सावडच झाली. पैसा परत घ्यायचा नाही, पण माणूस घ्यायचा.

पण टीका करणाऱ्याला मी उलटं विचारतो. त्या तीनशे पोरी रस्त्यावर पडल्या होत्या तेव्हा बगल देऊन कोण कोण गेलं? ज्यांचा देव बाटत होता, त्यांनी आधी ताट का वाढलं नाही? वाढणारे अगदीच नव्हते असं नाही. १८७७च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवलं. १८९७ला पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाईंनी एका आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं. त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यांच्या हातात बायबल नव्हतं. शोमरोन्याची गोष्ट त्यांनी पाठीवर वाहिली. जोतीरावांनीही रमाबाईंच्या धर्मांतराबद्दल ओरडणाऱ्यांना 'सत्सार'मध्ये सुनावलंच होतं.

म्हणून मी असा निवाडा करतो. माया कुठल्या धर्माची, हे विचारू नये. ती करताना घेणाऱ्याच्या गळ्यात दावं बांधलं का, एवढं बघावं. रमाबाईंच्या कामात कुणाला दावं दिसलं तर तसं म्हणावं. पण टाकलेल्या, आंधळ्या, म्हाताऱ्या, ज्यांच्याकडून ना संस्थेचं नाव होणार ना कसली कमाई, त्यांना त्यांनी मरेपर्यंत सांभाळलं, हेही त्याच वेळी म्हणावं. मुलगी मनोरमा १९२१ला गेली, त्या स्वतः ५ एप्रिल १९२२ला. शेवटपर्यंत त्या सोप्या मराठीत बायबलाचं भाषांतर करत होत्या, शेतात आणि घाण्यावर काम करणाऱ्या बाईला ते कळावं म्हणून.

दुसरा अवघड प्रश्न लक्ष्मीबाईंनी दाखवला. नारायण वामन टिळक १८९५ला ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत गेलो, असं ते सांगायचे. त्यांच्या हातात पैसा टिकत नसे. समोर गरजू आला की द्यायचं, मग घरात काय आहे ते बघायचं नाही. पुस्तकात लक्ष्मीबाई हे हसत हसत सांगतात, पण रिकामा डबा त्यांनीच उघडलेला असतो. पुरुष उदार होतो आणि किंमत चुलीजवळची बाई देते, हे मी आमच्या वारकऱ्यांच्या घरांतही बघितलंय. जिजाईला विचारा. माया करणाऱ्यानं स्वतःचं द्यावं. बायकोच्या ताटातलं द्यायचं तर तिला आधी विचारावं. मोठेपणा एवढाच की लक्ष्मीबाईंनी ती माया नुसती सोसली नाही, पुढं आपली केली. नवऱ्यापासून जवळजवळ पाच वर्षं वेगळ्या राहिल्या, सोवळं आपणहून सोडलं आणि मग आपल्या मनानं त्या वाटेवर आल्या. कुणी ओढून नेलं नाही.

आणि तिसरं, देण्यानं माणूस लाचार होतो असं म्हणतात. त्याला उत्तर नगर जिल्ह्यात आहे. फादर हर्मन बाखर नावाचे स्वित्झर्लंडचे जेजुइट धर्मगुरू १९४८ साली भारतात आले आणि पुढं नगरच्या कोरडवाहू गावांत पाणलोटाचं काम उभं केलं. त्या कामात गावानं श्रमदान करायचं, कुऱ्हाड थांबवायची, चराई थांबवायची, तरच पुढं जायचं. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी त्यातलंच एक गाव. डोंगरावर चर पडले, गवत आलं, विहिरींना पाणी टिकलं. पाणी मुरलं ते सगळ्यांच्या शेतात, देव कुणाचा कोणता ते बघून नाही. माया म्हणजे भीक घालणं नाही. समोरच्याला पुन्हा सावडीत उभं राहता येईल एवढं बळ देणं, हे मायेचं पुढचं पाऊल.

आता आमच्या गावाकडं येतो, कारण हे सगळं मला तिथंच लागू करायचंय. माया हा शब्द मराठीत दोन अर्थांचा. एक काळजातली, दुसरी गाठोड्यातली. आयटी पार्क आल्यापासून हिंजवडीत "त्यानं लय माया जमवली" असं म्हटलं की दुसरीच कळते. खाचरं गेली, त्यांच्याबरोबर सावडही गेली. आता आमच्याकडं खोल्या आहेत आणि भाडेकरू आहेत, ओडिशाचे, झारखंडचे, बिहारचे, मराठवाड्याचे. ते आमच्या कोणत्याच वहीत नाहीत. लग्नाला बोलवायचे नाहीत, मयताला यायचे नाहीत. म्हातोबाच्या यात्रेला बगाड बघायला कडेला उभे राहतात तेवढेच.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि हीच माणसं डोक्यावर बोचकी घेऊन रस्त्याला लागली. तेव्हा आमच्या आळीत एक झारखंडची ख्रिस्ती बाई होती, घरकाम करणारी. तिचं स्वतःचं काम बंद पडलेलं. शेजारच्या खोलीत दुसऱ्याच राज्यातला, दुसऱ्याच धर्माचा एक पोरगा तापानं पडला. लोक त्याच्या दाराजवळून जाईनात. ही दोन वेळा तोंड बांधून पेज ठेवून यायची. मी विचारलं, "तुमच्या ओळखीतला का?" ती मोडक्या मराठीत म्हणाली, "नाही. शेजारी आहे." पोरगा बरा होऊन गावी गेला. नंतर तीही खोली बदलून गेली. तिनं त्याचा फोन नंबर घेतला नव्हता.

हे काही फक्त परक्या देशाकडून शिकावं असंही नाही. तुकोबांनी दुष्काळ बघितला, त्यात घरातलं माणूस गमावलं, आणि लोकांकडून येणं असलेल्या पैशाची खतं, आपल्या वाट्याची, इंद्रायणीत बुडवली. भावाच्या वाट्याची नाही बुडवली, त्याची त्याला दिली. आहेराची वही नदीत टाकणारा वाणी आणि धर्मशाळेत दोन नाणी ठेवून निघून जाणारा शोमरोनी, ही दोघं एका गावची असावीत असं मला वाटतं.

सगळ्यांना रमाबाईंसारखं होता येणार नाही, आणि ती अट कुणी घातलेलीही नाही. शोमरोन्यानं आपला प्रवास सोडला नव्हता. त्यानं एक रात्र दिली, दोन दिवसांची मजुरी दिली, आणि येताना पुन्हा बघतो म्हणाला. एवढं खोल्यांचा मालक करू शकतो. भाडेकरू आजारी पडला तर त्या महिन्याचं भाडं मागायला जाण्याआधी दवाखान्यात कोण घेऊन गेलं ते विचारावं. कुणी नेलं नसेल तर आपण न्यावं. अकरा वाजता अड्ड्यावर उरलेल्या म्हाताऱ्याला झेपेल ते काम द्यावं आणि दिवसाची पूर्ण मजुरी द्यावी. घरात लग्न निघालं की आपल्या चाळीतल्या माणसांना पंगतीला बसवावं, आणि त्यांचं नाव वहीत लिहू नये.